डोंगरात युनिसायकल चालवायची असेल तर जाड टायर कुठला घ्यायचा आणि तो कुठल्या फ्रेममध्ये बसेल

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ती म्हणजे साध्या युनिसायकलला, म्हणजे एकचाकी सायकलला, गिअर नसतो, सस्पेन्शन नसतं, फ्रीव्हीलसुद्धा (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) नसतं, क्रँक (पेडल लागतं तो दांडा) थेट हबलाच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागालाच, लागलेले असतात त्यामुळे पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, बस. म्हणून सायकलवाले टायर बदलतात आणि आपण टायर बदलतो यात खूप फरक आहे. त्यांचा टायर जाड झाला तर ते गिअर बदलून मोकळे होतात, आपला टायर जाड झाला की चाक मोठं होतं, म्हणजे आपला गिअरच बदलतो, सस्पेन्शन बदलतं, वळण घ्यायची पद्धत बदलते. हे समजून न घेता "जाड तेवढा चांगला" म्हणून टायर मागवला की मग एकतर तो फ्रेमला घासतो नाहीतर चढावर पाय भरून येतात. त्यामुळे आधी टायर ठरवा, मग तो टायर मावेल अशी फ्रेम शोधा, उलटं करू नका. आणि फ्रेम आधीच घरात असेल तर टेप घेऊन बसा आणि मग टायर बघा.

आता गिअर कसा बदलतो ते आकड्यांनी बघू. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ७५-५०७ असं काहीतरी छापलेलं असतं, त्याला ईटीआरटीओचा आकडा म्हणतात, पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २४ इंची म्हणजे ५०७, २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. टायरची उंची साधारण त्याच्या रुंदीएवढीच धरायची (अगदी तंतोतंत नसते पण ढोबळ हिशोबाला चालते) आणि दोन्ही बाजूंची मिळून दुप्पट त्यात मिळवायची. म्हणजे २४ × ३ चा टायर (२४ इंची, रुंदी ३ इंच म्हणजे ७६ मिमी) घेतला तर ५०७ अधिक १५२, झाले ६५९ मिमी. आणि २६ × २.१ चा साधा माउंटन टायर घेतला तर ५५९ अधिक १०६, म्हणजे ६६५. बघा, नावाला चोवीस आणि सव्वीस पण जमिनीवर दोघं जवळजवळ सारखेच! म्हणूनच इतकी वर्षं म्युनीवाले, म्हणजे डोंगरात युनिसायकल चालवणारे, २४ × ३ च्या प्रेमात आहेत, छोट्या रिमचा मजबूतपणा मिळतो आणि चाक सव्वीसचं मिळतं. पुढे जा, २७.५ × ३ म्हणजे साधारण ७३६, २९ × २.४ म्हणजे ७४४, आणि २६ × ४ चा फॅट टायर जवळपास ७६०. म्हणजे "मी सव्वीसचीच घेतली" म्हणणाऱ्याने जर ४ इंची टायर लावला असेल तर तो खरं तर एकोणतीसपेक्षाही मोठ्या चाकावर बसलाय. २९ × ३ तर ७७० च्या पुढे जातो.

हा बाहेरचा व्यास ठरला की क्रँकची लांबी ठरवता येते. क्रँकच्या लांबीला चाकाच्या त्रिज्येने भागा. २४ × ३ ची त्रिज्या ३३० धरा, १५० मिमीचे क्रँक लावले तर ०.४५ येतात, म्हणजे पायात भरपूर ताकद, उभा चढ, मोठे दगड, उतारावर पाय रोखून थांबणं, सगळं हातात राहतं. तेच १५० चे क्रँक २६ × ४ ला लावले तर आकडा ०.३९ वर येतो आणि चढावर ते लगेच जाणवतं, त्याला १६५ लावले की पुन्हा ०.४३. माझ्या मते दगडधोंड्याच्या वाटांसाठी ०.४२ ते ०.४५ ठेवा, मोकळ्या लांब वाटांसाठी ०.३५ ते ०.४० चालतं, त्याच्या खाली गेलात तर ब्रेक हवाच. दोन भोकांचे क्रँक मिळतात, पेडल आतल्या भोकात लावलं तर लांबी कमी, बाहेरच्या भोकात लावलं तर जास्त, एकाच युनिसायकलवर गावातून डोंगरापर्यंत चालवत जाणार असाल तर ते घ्याच, थोडे महाग पडले तरी.

जाड टायर मुळात हवा कशाला? कारण सस्पेन्शन दुसरं काही नाहीच. जमिनीचा जो काही धक्का आहे तो टायर आणि तुमचे गुडघे यांनीच खायचा. १९८० च्या दशकात अलास्कातल्या सीवर्डमध्ये जॉर्ज पेक नावाचा माणूस डोंगरात आणि किनाऱ्यावर युनिसायकल चालवायचा, पुढे कॅनडात क्रिस होमने हा प्रकार जगापुढे आणला आणि त्याच्या नावाने केएचच्या युनिसायकली निघाल्या, तर या सगळ्या काळात म्युनीसाठी वेगळे टायर कुणी फारसे बनवत नव्हतं, डाउनहिल सायकलींचे तीन इंची टायर आले तेच म्युनीवाल्यांनी उचलले. नोकियनचा गॅझालोडी, ड्युरोचा वाइल्डलाइफ लेपर्ड, ही नावं जुन्या लोकांकडून अजून ऐकायला मिळतात. मग २००५ मध्ये सर्लीने पग्सली ही फॅटबाइक आणली, ३.७ इंची एन्डोमॉर्फ टायरसकट, आणि पुढे त्याच कंपनीने कॉनन्ड्रम नावाची फॅट युनिसायकलसुद्धा काढली. नंतर निम्बसची ओरेगॉन आली. म्हणजे आज ज्या फ्रेम दिसतात त्यांच्यामागे सायकलच्या टायरांचाच इतिहास आहे, टायर आधी आले आणि फ्रेम नंतर रुंद झाल्या.

पण जाड टायरची किंमत मोजावी लागते आणि ती पैशातली नाही. पहिली म्हणजे वजन, तीन इंची डाउनहिल टायर एकटाच किलोच्या वर जातो आणि हे वजन चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला असतं, म्हणजे चाक सुरू करायला जड आणि थांबवायला पण जड. एकदा गतीत आलं की मात्र छोट्या दगडांवरून तेच वजन तुम्हाला ओढून नेतं, त्यामुळे हे पूर्ण वाईटच असं नाही. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, आणि तिच्याबद्दल दुकानदार कधीच सांगत नाही, ती म्हणजे टायर स्वतःच्या मनाने वळणं. रस्ता एका बाजूला उतरता असेल, म्हणजे डांबरी रस्ता कडेला उतरतो तसा, तर रुंद टायर कमी हवेवर असताना एका बाजूला ओढतो आणि तुम्ही सरळ जाण्यासाठी सगळा वेळ कंबर पिळत राहता. युनिसायकलला हँडल फिरवून वळवता येत नाही ना, वळायचं ते खांदे आणि कंबर फिरवूनच, आणि टायरचा मोठा भाग जमिनीला चिकटलेला असेल तर त्याला पिळायला जोर लागतो. काही टायर यात खूपच वाईट असतात आणि काही तेवढ्याच रुंदीचे असून शहाण्यासारखे सरळ जातात. फरक असतो तो गोलाईचा. समोरून बघितल्यावर टायर गोल दिसला पाहिजे, चौकोनी नाही. कडेचे गुट्टे (टायरवरचे रबराचे उंचवटे) उंच आणि मधले बुटके असले की टायर चपटा होतो आणि ओढायला लागतो.

हेच रिमच्या बाबतीत. तीन इंची टायरला बाहेरून मोजून साधारण ४० ते ५० मिमी रुंदीची रिम बरोबर बसते, ४ इंचीला ६५ ते ८०. अरुंद रिमवर जाड टायर चढवला तर तो चढतो, हवा पण धरतो, पण उडी मारून आडवे उतरलात की टायर रिमवरून बाजूला लोळतो, गुडघ्याला झटका बसतो. आणि रिम फार रुंद घेतली तर टायर पसरून चौकोनी होतो, म्हणजे पुन्हा तेच ओढणं. फॅटबाइकवाले बर्फासाठी १०० मिमीची रिम वापरतात, ते बघून आपण नाही घ्यायची, आपल्याला गोलाई हवी आहे.

टायरच्या नक्षीबद्दल फार डोकं लावू नका असं मला वाटतं. युनिसायकल सायकलसारखी वळणात झोपत नाही त्यामुळे कडेच्या गुट्ट्यांचं काम कमी, मधले गुट्टे जवळजवळ असलेले बरे कारण जागच्या जागी पिळून वळताना लांब लांब असलेले उंच गुट्टे वाकतात आणि मग अचानक सुटतात. पुढेमागे दोन्हीकडे पकड हवी कारण एकच चाक चढवतं पण आणि थांबवतं पण. नक्षीपेक्षा टायरची भिंत जास्त महत्त्वाची. हलक्या, पातळ भिंतीचा टायर क्रॉसकंट्री सायकलवर मस्त चालतो पण आपलं सगळं वजन एकाच टायरवर आणि वरून पिळणं, तो घडी पडतो. डाउनहिलसाठी दुहेरी कापडाचे जाड भिंतीचे टायर असतात ते घ्या, दोनशे-तीनशे ग्रॅम वाढले तर वाढू द्या.

हवा किती? साधारण ७० किलोच्या माणसाने २.४ ला २२ ते २८ पीएसआय, ३ इंचीला १४ ते २०, ४ इंचीला ८ ते १३ इथून सुरुवात करावी आणि मग एकेक पीएसआयने खालीवर करावं. सायकलवाल्यांचे आकडे वाचून तसेच भरू नका, त्यांचं वजन दोन चाकांवर वाटलेलं असतं. हवा जास्त झाली की जाड टायर चेंडूसारखा उडतो, प्रत्येक दगडावरून तुम्हाला वर फेकतो. कमी झाली की रिम दगडाला लागते, तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. बरोबर हवा म्हणजे फुटपाथच्या कडेवरून खाली उडी मारली तर टायर दबला पाहिजे पण रिम लागता कामा नये. आणि पायपंपावरचा काटा १५ च्या खाली अजिबात विश्वासाचा नसतो, कमी दाब मोजणारा वेगळा गेज घ्या, फॅट टायरला २ पीएसआयचा फरक म्हणजे दुसरीच युनिसायकल.

आता फ्रेम. युनिसायकलची फ्रेम म्हणजे खरं तर नुसता चिमटाच, दोन पाय, वर खांदा, त्यात सीटपोस्ट. साधी दिसते म्हणून लोक मोजायचा कंटाळा करतात. इथे चार ठिकाणी माप घ्यायचं आहे.

पहिलं म्हणजे दोन पायांमधली आतली मोकळी जागा, पण ती खाली बेअरिंगपाशी नाही मोजायची, टायर जिथे सगळ्यात रुंद आहे त्या उंचीला मोजायची. तुमच्या टायरची खरी रुंदी अधिक दोन्ही बाजूला किमान ६ ते ८ मिमी, म्हणजे ३ इंची टायरला ९० च्या आसपास आणि ४ इंचीला ११५ तरी हवेत. खरी रुंदी म्हणतोय कारण टायरवर छापलेलं माप आणि प्रत्यक्ष माप यात फरक पडतो, ते रिमवर अवलंबून असतं, आणि नवीन टायर हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत थोडा पसरतो पण. म्हणून टायर रिमवर चढवा, चांगली हवा भरा, रात्रभर ठेवा आणि मग व्हर्निअरने मोजा. दोन्ही बाजूला जागा कशाला सोडायची तर एक, आडवी उडी मारली की चाक वाकतं, दुसरं, तारा ढिल्या होऊन चाकाला थोडा आऊट येतोच, आणि तिसरं चिखल. पावसाळ्यात देशावरच्या काळ्या मातीत कधी चालवून बघा, ती टायरला धरून वर येते आणि चिमट्यात भरत जाते, ५ मिमीच जागा असेल तर थोड्याच वेळात चाक जाम. आणि आपल्याला फ्रीव्हील नाही, चाक अडकलं की पेडल अडकतं आणि पेडल अडकलं की माणूस पुढे तोंडावर. त्यामुळे या बाबतीत "जेमतेम बसतो" हे उत्तर मी मानतच नाही.

दुसरं माप वरचं. बेअरिंगच्या मध्यापासून खांद्याच्या आतल्या कडेपर्यंत. टायरची त्रिज्या अधिक किमान १० मिमी, म्हणजे २४ × ३ ला ३४०, २६ × ४ ला ३९०. या मापामुळे एक चांगली सोय होते ती बघा: २७.५ × ३ आणि २९ × २.४ यांची त्रिज्या जवळजवळ सारखी आहे, म्हणून २९ च्या फ्रेममध्ये उंचीने २७.५ × ३ बसतो, प्रश्न फक्त पायांमधल्या रुंदीचा. रुंद पायांची २९ ची फ्रेम घेतलीत तर दोन चाकं ठेवता येतात, एक लांबच्या वाटांसाठी आणि एक दगडांसाठी. पैसे एकदाच घालायचे असतील तर मला हा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो.

पण, ब्रेक! हे तिसरं माप. जुन्या म्युनी फ्रेमवर मगुराचा एचएस३३ हा रिमला धरणारा हायड्रॉलिक ब्रेक असायचा, अजूनही खूप जुन्या-वापरलेल्या फ्रेमवर त्याचे माउंट दिसतात. ते माउंट एकाच रिमच्या उंचीला जोडलेले असतात. २९ आणि २७.५ च्या रिमच्या कडेत १९ मिमीचा फरक आहे, म्हणजे रिम ब्रेक असेल तर चाक बदलायचा बेत संपला. शिवाय जाड टायर त्या ब्रेकच्या पॅडमधून बाहेर येत नाही, दर वेळी हवा सोडा, चाक काढा, परत हवा भरा. डिस्क ब्रेकला टायरशी आणि रिमशी काहीच देणंघेणं नाही, म्हणून जाड टायरसाठी डिस्कचीच फ्रेम घ्या असं मी ठामपणे सांगेन. डिस्क दोन प्रकारे असते, क्रँकवर बाहेरच्या बाजूला किंवा हबवर फ्रेमच्या आत. बाहेरची बसवायला सोपी, कुठल्याही आयसिस हबवर (दात्यांच्या अॅक्सलचा हब) फक्त तसा क्रँक घेतला की काम होतं, पण पडलं की दगडावर आपटते. आतली सुरक्षित राहते पण तिला तसा हब आणि तशीच फ्रेम लागते, अर्धवट जोडता येत नाही.

चौथं माप हब आणि बेअरिंग. म्युनीला आयसिस हबच घ्या, दहा दात्यांचा, जुना चौकोनी टोकाचा अॅक्सल डोंगरात टिकत नाही, क्रँकची भोकं मोठी होऊन जातात. आयसिसच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४२ मिमी असतो, जुन्या फ्रेम ४० मिमीच्या आहेत, ४० च्या बेअरिंगला पट्टी लावून ४२ च्या फ्रेममध्ये बसवता येतं पण ४२ चं बेअरिंग ४० च्या फ्रेममध्ये घालायचा काही उपाय नाही. मग दोन बेअरिंगमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. सर्वसाधारण माप १०० मिमी. ४ इंची टायर स्वतःच १०० मिमी असतो, म्हणजे १०० च्या हबवर फ्रेमचे पाय वर जाताना बाहेर फुगवावे लागतात, म्हणून रुंद फ्रेमसाठी १२५ च्या आसपासचे हब निघाले. फ्रेम आणि हब वेगवेगळ्या ठिकाणाहून घेत असाल तर हा एक आकडा दोन्हीकडे लेखी विचारून घ्या. आणि रुंद हब फुकट मिळत नाही, तुमच्या दोन पायांमधलं अंतर वाढतं, पेडल मारताना युनिसायकल डावीउजवीकडे जास्त डुलते, शिवाय चिमट्याचे रुंद खांदे गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासतात. ज्यांचे गुडघे आत वळतात त्यांनी तर फ्रेम घेण्याआधी कुणाच्या तरी फॅट युनिसायकलवर बसून बघावंच.

सीटपोस्ट (सीटखालची नळी) २७.२ मिमीचा असेल तर उत्तम, २५.४ चालतो, २२.२ चा म्युनीत वाकतो.

मग कुठे काय? पुण्याच्या टेकड्या, सिंहगडाच्या आसपासच्या वाटा, म्हणजे सुटा मुरूम आणि मध्येच उघडा काळा कातळ, अशा ठिकाणी २६ किंवा २७.५ ची रिम आणि २.६ ते ३ इंच टायर, याच्या बाहेर जायची गरज नाही. मुरमावर ४ इंची टायर काही जास्त पकड देत नाही, सुटे खडे खडेच राहतात, उलट वजन वाढतं. खूप तांत्रिक, पायऱ्या पायऱ्यांची वाट आवडत असेल, उड्या मारत उतरायचं असेल तर २४ × ३. लांब अंतर, जंगलातले कच्चे रस्ते, तर २९ × २.४. फॅट टायर खरा शोभतो तो वाळूत, कोकणात आणि गोव्यात ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूत तर कुठलाही टायर चालतो पण वरच्या कोरड्या मऊ वाळूत फक्त ४ इंची, आणि तोही ७-८ पीएसआयवर. तिथून आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी बेअरिंग आणि तारांचे निपल खाऊन टाकतं.

आता मिळण्याचं बघू. फ्रेम, हब, क्रँक हे बाहेरूनच मागवावं लागतं, निम्बस, केएच, क्यू-अ‍ॅक्स, इटलीची मॅडफोरवन अशी नावं आहेत, कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशोब करा. टायर मात्र इथे मिळेल असाच निवडा, डोंगरात टायर फाटला आणि नवीन यायला महिने लागले असं नको. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे स्वस्तातल्या फॅट सायकली भरपूर विकल्या गेल्या त्यामुळे २६ × ४ चे टायर-ट्यूब गावोगावी मिळतात, क्वालिटी साधारण असते, भिंत दाबून बघून घ्या. २९ × २.१ ते २.४ पण सहज. २७.५ × २.८ शोधावा लागतो, २४ × ३ चांगला मिळणं अवघड. आणि दुकानात नुसतं "सव्वीसचा द्या" म्हणू नका, २६ × १ ३/८ हा जुन्या सायकलींचा टायर ५९० व्यासाचा असतो, तो ५५९ च्या रिमवर कधीच धड बसणार नाही, आकडा वाचूनच घ्या.

चाक बांधून घ्यायचं असेल तर ३६ तारांचं घ्या आणि कारागिराला आधीच सांगा की या चाकाला आडवा जोर खूप येतो, तारा घट्ट हव्यात. पहिल्या दोन-तीन राइडनंतर पुन्हा नेऊन आऊट काढून घ्या, नवीन तारा बसतात तशा ढिल्या होतात. बेअरिंगच्या टोप्या आवळताना हाताला लागेल इतक्याच आवळा, चाक उचलून फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे, जास्त आवळलं तर बेअरिंग चेपतं. क्रँकचा बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच, कंपनीने सांगितलेल्या आकड्याला, आणि एक राइड झाली की परत तपासा. सगळं झालं की युनिसायकल उलटी धरा, टायरला एका बाजूला जोरात दाबून चिमट्याच्या पायाकडे ढकला आणि फिरवा. घासल्याचा आवाज आला तर एक आकडा लहान टायर लावा, तोच टायर कसाबसा चालवायचा प्रयत्न करू नका, तीन इंचाच्या ऐवजी २.८ लावल्याने डोंगरात फारसं काही बिघडत नाही.